कावळ्याचे पान

सागाच्या एका दाट जंगलात एक वाघीण आपल्या दोन बछड्यांसह राहत असे. साळिंदराचा काटा पंजात रुतल्यापासून तिला फार भटकता येत नसे, म्हणून तिने दोन वाटाडे ठेवले होते. कावळा उंचावरून चितळांचा कळप शोधी आणि कोल्हा तिला आडवाटेने तिथवर नेई. शिकार झाली की वाघीण दोघांचा वाटा सागाच्या दोन पानांखाली झाकून ठेवी आणि मागे न पाहता ओढ्यावर पाणी प्यायला निघून जाई. ज्याने त्याने आपले पान उचलावे, दुसऱ्याच्या पानाला हात लावू नये, असा त्या जंगलाचा रिवाज होता. शिकार हुकली तरी वाटाड्यांचा वाटा चुकत नसे. दिवसभर चालण्याचे कष्ट तर झालेलेच असत.

कोल्ह्याच्या पानाखाली नेहमी एक अख्खी तंगडी असे. ती खाऊन तो सुखात होता. पण शाळेत डबा खाताना आपली नजर नाही का हळूच शेजारच्या डब्याकडे जात, तसे एकदा त्याचे झाले. कावळा अजून फांदीवरून खाली उतरला नव्हता, तेवढ्यात कोल्ह्याने त्याचे पान नाकाने वर केले. खाली कलेजीचा तुकडा होता. तुकडा लहानसाच होता, पण मऊ आणि ताजा. त्या दिवशी कोल्ह्याला आपली तंगडी चामड्यासारखी लागली.

पुढच्या वेळीही त्याने पाहिले. पुन्हा कलेजीच. तो फांदीखाली बसून म्हणाला, "तुमचं बरं आहे, कावळोबा. वर बसून काव काव करायचं आणि कलेजी खायची. आम्ही मात्र काट्यांतून पाय झिजवायचे."

"मला दात आणून दे, कोल्होबा," कावळा म्हणाला. "मग तंगडी मी खातो आणि कलेजी तू घे."

कोल्हा हसला, पण ते हसू तोंडापुरतेच होते. वाघिणीने कावळ्याकडे नुसते पाहिले तरी आता त्याच्या पोटात दुखू लागे. तिला एकदा कळू दे, हा किती कामाचा आहे ते, असे तो मनात म्हणे.

काही दिवसांनी कावळ्याने तळ्याकाठी मोठा कळप हेरला. तिकडे जायला दोन वाटा होत्या. बांबूच्या बेटातली वाट लांबची, पण तिथे वारा तोंडावर येई. कोरड्या नाल्यातली वाट जवळची, पण तिथे वारा पाठीवरून वाही आणि शिकाऱ्याचा वास पुढे नेई. कोल्ह्याने वाघिणीला नाल्यातून नेले. ती लंगडत, न बोलता त्याच्या मागे चालली. दोघे पोहोचले तेव्हा तळ्याकाठी एकही चितळ नव्हते.

"मी म्हणत नव्हतो," कोल्हा म्हणाला, "या कावळ्याला हल्ली नीट दिसत नाही."

वाघिणीने खुरांनी तुडवलेले गवत हुंगले आणि ती माघारी वळली. घरी भुकेली पिल्ले तिच्या पायांत घोटाळू लागली. करवंदीच्या जाळीत तिने त्यांच्यासाठी आदल्या शिकारीतली एक तंगडी आणि थोडे मांस लपवले होते. ते तिने बाहेर ओढले, नेहमीसारखी दोन पाने मांडली आणि ती ओढ्याकडे गेली.

कोल्ह्याने आपल्या पानाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने झटकन कावळ्याचे पान दातांनी उचलले. खाली काहीच नव्हते. त्याला इतका आनंद झाला, की पान तोंडातून सोडायचेही तो विसरला.

पण त्या दिवशी वाघीण मागे वळली होती.

"माझा वाटा पिल्लांना द्या, असं कावळा मला परतताना सांगून गेला, तेव्हा तू मागे होतास," ती म्हणाली. "म्हणून ते पान रिकामं आहे. तुझं पान भरलेलं आहे, ते उचल."

कोल्ह्याच्या तोंडातले पान गळून पडले. "बाई, आज वारा जरा फिरला होता..." तो म्हणाला.

"वारा सगळा वेळ माझ्या पाठीवर होता. मला कळत होतं. तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, असं वाटून मी गप्प राहिले." वाघिणीने दुसऱ्या पानाखालची तंगडी पंजाने त्याच्याकडे सरकवली. "चाललास त्याची मजुरी मी कापत नाही. पण मला वाटाड्याच्या मागून चालावं लागतं, आणि तुझ्या मागून आता माझ्याच्यानं चालवणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

बछडे त्या तंगडीकडे टक लावून बघत होते. कोल्ह्याने ती त्यांच्यापुढे ठेवली आणि शेपूट पायांत घालून तो निघून गेला. त्यानंतर तो ओढ्यापलीकडे एकटाच राहू लागला. सकाळी कावळ्याची हाक ऐकू आली, की अजून त्याचे कान टवकारत आणि तो उठून उभा राही. मग ती हाक आपल्यासाठी नाही हे आठवून तो पुन्हा खाली बसे.

तात्पर्य : दुसऱ्याच्या पानात डोकावणाऱ्याला आपले भरलेले पान गोड लागत नाही, आणि मत्सराने काम बिघडवले, तर मजुरी मिळाली तरी विश्वास परत मिळत नाही.