तांबड्या जीपचे ब्रेक

घाटाला अजून कठडे नव्हते, त्या काळची गोष्ट. चिंचवलीच्या नर्स द्वारकाबाईंकडे एक तांबडी जीप होती. वीस वर्षं घाट चढून-उतरून तिचे ब्रेक पार झिजले होते.

हसन मिस्त्रींनी चाक उघडून पाहिलं. "हिच्या मापाचे चांगले ब्रेक शहरातून मागवावे लागतील. आठ दिवस तरी लागतील."

"आठ दिवस?" जीप कुरकुरली. "फळीवर ते चकचकीत ब्रेक आहेत ना! तेच बसवा की."

"आम्ही तयारच आहोत!" फळीवरचे ब्रेक ओरडले.

मिस्त्रींनी त्यातला एक उचलून नखाने खरवडला, तसा भुगा खाली पडला. "बाई, या गाडीतून तुम्ही बाळंतिणींची ने-आण करता. मी हे बसवणार नाही."

द्वारकाबाई आठ दिवस बैलगाडीने फिरल्या. जीप रुसून बसली. नवे ब्रेक आले ते काळपट आणि अबोल. जीपने त्यांची साधी विचारपूसही केली नाही.

दुसऱ्याच दिवशी एका बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन ती घाट उतरत होती. वळण घेतलं, तर समोर भला मोठा धोंडा! द्वारकाबाईंनी ब्रेक दाबला. जीप धोंड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी झोपेतून जागीसुद्धा झाली नाही.

"तुमचे फार उपकार झाले," जीप ब्रेकना म्हणाली.

"आम्हाला मिस्त्रींनी निवडलं," ते एवढंच बोलले.

परतताना जीप गॅरेजपुढे आपणहून थांबली. मिस्त्री धावत बाहेर आले. "काय बिघडलं?"

"काही नाही, चाचा," जीप म्हणाली. "तुम्हाला नुसतं बघायला थांबले."