पाटकऱ्याचा वानवळा

फार मागची गोष्ट आहे. वैशाखातला दिवस होता आणि त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. ऊन अजून अंगणात पुरतं उतरलंही नव्हतं, तोच दगड तापले होते. कावळे चोची वासून सावलीला बसले होते. आभाळ असं पांढरं पडलं होतं की वर बघवत नव्हतं. अशा दिवशी माणसाला दोनदा जास्त पाणी लागतं, गुराला चारदा, आणि नागवेलीला तर विचारूच नका.

त्या गावात एक माळी होता. त्याचा लहानसा पानमळा होता, बापाने लावलेला. पानवेल ही मोठी हळवी जात. तिला आधाराला शेवरीचं झाड हवं, डोक्यावर सावली हवी, आणि पायाशी कायम ओल हवी. उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली तर वेल मान टाकते. दोन चुकल्या तर मुळासकट जाते.

गावाला पाणी होतं पाटाचं. राजाने वर नदीला बंधारा बांधला होता. तिथून पाट निघायचा आणि गावच्या सगळ्या शेतांवरून फिरायचा. प्रत्येकाला आठ दिवसांनी एक पाळी, असा राजाचा नेम होता. पाटाची दारं उघडायला आणि लावायला एक सरकारी माणूस होता, त्याला पाटकरी म्हणत. त्याला राजाकडून वर्षाचं धान्य होतं, राहायला घर होतं, आणि पाटाच्या अगदी तोंडाशी चार बिघे जमीन होती. एवढं असून माणसाला आणखी काय लागतं? पण लागतं बघा.

आता त्या गावात एक जुनी रीत होती. मळ्यात पहिलं काही पिकलं की ते थोडंथोडं शेजारीपाजारी पाठवायचं. त्याला वानवळा म्हणतात. पाटकरी गावात नवा आला, तेव्हा बायकामुलं मागे ठेवून एकटाच आला होता. माळ्याला वाटलं, बिचाऱ्याला इथे कोण आहे? म्हणून पहिल्या खुडणीची पन्नास पानं त्याने केळीच्या पानात बांधून नेली. पाटकऱ्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "बाबा, मला आजवर असं कुणी दिलं नव्हतं."

दुसऱ्या वर्षी माळ्याचं बघून कुणी वांगी नेली, कुणी काकवी नेली. तिसऱ्या वर्षी पाटकरीच विचारू लागला, "काय, यंदा आला नाहीत?" चौथ्या वर्षी तेही विचारणं संपलं. ज्याचा वानवळा आला त्याचं दार उघडायचं, ज्याचा नाही आला त्याचं लागायचं. पुढे वानवळाही पुरेना. कुणाची बायको त्याचं दळण दळायला, कुणाचे बैल त्याची जमीन नांगरायला. एका विधवेकडे द्यायला काहीच नव्हतं, तर तिची दुभती शेळी सोडून नेली. वर म्हणाला, "तुझीच दगदग कमी करतोय." धान्य राजाचं, पाणी नदीचं, घाम लोकांचा, आणि मिजास याची!

तर त्या वैशाखातल्या दिवशी माळ्याची पाळी होती. सकाळपासून तो कोरड्या पाटाच्या कडेला खोरं घेऊन उभा होता. पाणी काही येईना. शेवटी तो पाटकऱ्याकडे गेला.

पाटकरी आंब्याखाली बाजेवर लवंडला होता. मागे त्याचं स्वतःचं शेत तुडुंब भरलं होतं. इतकं की पाणी बांध ओलांडून रस्त्यावर आलं होतं आणि चिखलात डुकरं लोळत होती.

"पाटकरीबुवा, आज माझी पाळी," माळी म्हणाला.

"पाळी? कुणी सांगितलं?"

"दर आठ दिवसांनी असते ना. राजानं लावून दिलेली आहे."

"मग राजालाच सांग दार उघडायला." पाटकऱ्याने पिंक टाकली. "हे बघ म्हाताऱ्या, महिना झाला तुझी पानं नाहीत. आणि आता माझ्या मुलीचं लग्न आहे. मांडवाला पाच हजार पानं लागतील. पाठवून दे, दार उघडतो."

"पाच हजार खुडली तर माझ्या वेलीवर राहील काय?"

"पाणी राहील की!" म्हणून पाटकरी पोट धरून हसला.

माळी परत फिरला. तो सावकाश चालणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्याला राग यायलाही वेळ लागायचा. घराजवळ येईपर्यंत राग आला. आणि आला तो आधी स्वतःचाच. 'पहिलं पुडकं त्याच्या दारात नेलं कुणी? मीच ना?'

त्याच्या शेजारी एक म्हातारी राहायची. तिचा वांग्याचा मळा होता आणि तिची जीभ दिवसभर चालायची. त्याच्याकडून सगळं ऐकून ती बांधावरून ओरडली, "देऊन टाक की दादा! पानं पुन्हा येतील. वेल गेली तर काय चघळशील, शेवरी?"

"नाही देणार," माळी म्हणाला. त्याने भाकरी फडक्यात बांधली आणि तो तक्रार घेऊन राजाच्या सुभेदाराच्या गावाला चालू लागला. तीन दिवसांची वाट होती.

सुभेदार बरा माणूस होता. कडक होता, पण ऐकून घेणारा होता. आठवडा व्हायच्या आत तो घोड्यावरून गावात आला, चावडीवर बसला आणि त्याने सगळ्यांना बोलावलं.

"याने कुणाकडून काय घेतलं?" त्याने विचारलं.

पाटकरी हात जोडून पुढे झाला. "सरकार, मी कुणाकडे मागत नाही. प्रेमानं देतात बिचारे. वानवळा आहे तो, गावची रीतच आहे. विचारा यांना."

सगळे जमिनीकडे बघत राहिले. कारण प्रत्येकाने कधी ना कधी टोपली नेली होती, आणि कुणी कुणी तर दुसऱ्याच्या पाळीचं पाणीही घेतलं होतं.

सुभेदार म्हणाला, "राजाचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी चाकराने घेतलं तर त्याची चाकरी जाते. आणि त्याला ज्याने आपणहून दिलं, त्याची पुढची पाळी बंद होते. आता बोला, कुणी दिलं?"

आता कोण बोलणार? पाटकऱ्याने मिशीवरून हात फिरवला.

माळ्याच्या डोळ्यांसमोर त्याचा मळा आला. एक पाळी चुकलीच होती, वेलींनी माना टाकल्या होत्या. दुसरी गेली तर बापाने लावलेलं सगळं जाणार. गप्प बसलं तर उद्या पाणी मिळण्याची आशा तरी होती. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठला.

"सरकार, पहिलं मी दिलं."

"वानवळा म्हणून?"

"पहिल्या वर्षी वानवळा म्हणून. दुसऱ्या वर्षी पुडकं बांधताना मनात होतं, की माझं दार जरा लवकर उघडावं. ते मनातलं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तो वानवळा नव्हता." मग तो पाटकऱ्याकडे वळला, आणि त्या सावकाश माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अरे, शेजाऱ्याला एखादं वर्ष वांगी दिली नाहीत, तर शेजारी आपलं पाणी तोडतो का? भीती घालून नेतोस आणि त्याला वानवळा म्हणतोस? आमच्या चांगल्या रीतीचं नावसुद्धा नासवलंस तू!"

मग मागून शेजारच्या म्हातारीचा आवाज आला, "सरकार, मी वांगी दिली. चांगली निवडून दिली. माझाही गुन्हा लिहा." मग बैलवाला उठला. ज्या बाया दळायला जायच्या, त्या उठल्या. शेवटी विधवा उठली आणि म्हणाली, "माझी शेळी अजून त्याच्या दारात बांधलेली आहे. बघून या."

शिपाई गेला आणि शेळी घेऊन आला.

सुभेदाराने पाटकऱ्याची चाकरी तिथल्या तिथे काढून घेतली. शिवाय हुकूम दिला, की ज्यांची ज्यांची शेतं याने वाळवली, त्यांच्या शेतात याने पाऊस पडेपर्यंत खांद्यावर कावड घेऊन पाणी घालायचं. मग तो लोकांना म्हणाला, "ज्यांच्याकडून ओरबाडून नेलं, त्यांनी दिलं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी आपली पाळी पुढे सरकावी म्हणून दिलं, त्यांची एक पाळी बंद."

"बरोबर आहे," माळी म्हणाला.

सुभेदाराने त्याला जवळ बोलावून विचारलं, "बाबा, उद्या मी नवा पाटकरी नेमीन. तोही असाच निघाला तर?"

माळी म्हणाला, "सरकार, मी शिकलेला नाही. पण लग्नात वाढपी शेवटच्या पंगतीला जेवतो. आधी त्यालाच बसवलं, तर मागच्यांना आमटीचं पाणीच मिळेल. पाटकऱ्याची जमीन पाटाच्या तोंडाशी ठेवू नका, पार शेवटाला द्या. सगळ्यांची शेतं भिजल्याशिवाय त्याचं भिजणार नाही, असं करा. आणि कुणाची पाळी कधी, ते चावडीच्या भिंतीवर गेरूनं काढा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी वांगं काढा, पान काढा."

तसंच झालं. नव्या पाटकऱ्याचं शेत पाटाच्या शेवटाला गेलं. तेव्हापासून तो स्वतःच बांधाबांधाने फिरू लागला, कुठे पाट फुटला, कुठे पाणी वाया गेलं, ते बघू लागला.

पण माळ्याची पाळी बंद ती बंदच. जुना पाटकरी मान खाली घालून कावडीने पाणी आणायचा, गावातली माणसंही दोन-दोन घागरी ओतून जायची. तरी सगळा मळा काही वाचला नाही. अर्धा वाळला. एका सकाळी माळी वाळलेल्या वेली शेवरीवरून सोडवत होता. एकेक हळूच सोडवायचा, जणू तिला अजून दुखेल.

शेजारची म्हातारी कमरेवर घागर घेऊन आली. तिने घागर उरलेल्या वेलींच्या बुडाशी ओतली आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

मग म्हणाली, "गेलं त्याचं वाईट वाटणारच, दादा. लावशील पुन्हा, मी येईन मदतीला. पण पोरांना ही गोष्ट सांगशील तेव्हा तात्पर्य नीट सांग. आपल्या हक्काच्या पाण्यासाठी दारावरच्या माणसाला खूश करायला जाऊ नये. आणि गेलो असलो, तर ते चारचौघांत कबूल करायला लाजू नये. आपण सगळे आपापली टोपली लपवत बसलो, म्हणून तो माजला. तू एकटा उठलास, तर बघ, मीसुद्धा बोलले. तोंड तर माझं रोजच चालतं रे, पण चावडीवर पहिल्यांदा चाललं."