डबे कुठं खाल्ले?

“पण बुवा, ती ‘नाही’ का म्हणते?” निरंजननं विचारलं.

भिकनबुवा मठातल्या चुलीपुढं परातीत पीठ मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निरंजन हुशार माणूस. ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, तेवढीच काय ती पंचाईत. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलं, चांगली नोकरी नाकारली आणि गावाबाहेरच्या दगडखाणीच्या वस्तीत फुकट शिकवणी सुरू केली. आईबाप दिवसभर खडी फोडायचे, संध्याकाळी पोरं निरंजनपुढं बसून गणितं सोडवायची. बारावी, प्रवेशपरीक्षा, सगळं त्यानं घोटून घेतलं. त्यातली मंजुळा तर अशी, की तिच्या शंकांनी त्यालाच घाम फुटायचा.

तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. फी माफ, वसतिगृहात खोली तयार. आणि बाईसाहेब म्हणाल्या, मी जात नाही.

प्रवेश पक्का करायची मुदत परवा संपत होती.

“घरचे आडवे आले?” बुवांनी विचारलं.

“नाही. बापानं तर नवी पेटी आणून ठेवलीय.”

“लग्न ठरलं?”

“तेही नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, तिथं माझं काय काम… बुवा, माझी सगळी मेहनत पाण्यात चालली.”

“तुझी,” बुवा म्हणाले.

निरंजन वरमला. पण गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं हिवाळ्यातली सहल सांगायला घेतली. पोरांना विद्यापीठाची ओढ लागावी म्हणून सगळ्यांना टेम्पोत घालून तो दाखवायला घेऊन गेला होता. घड्याळाचा मनोरा दाखवला, पदवीदानाचं सभागृह दाखवलं, ग्रंथालयातल्या काचेआडच्या पोथ्या दाखवल्या. काही म्हणता काही सोडलं नाही. पोरांनी पायरीशीच चपला काढल्या आणि दिवसभर ओळीनं, हळू आवाजात फिरली. कुणी सांगितलं नव्हतं.

“केवढी श्रद्धा, बुवा.”

बुवांचा हात थांबला. आता मात्र त्यांना खरोखर कुतूहल वाटलं.

“दुपारी डबे कुठं खाल्ले?”

हा कसला प्रश्न, असं निरंजनला वाटलं. त्याला आठवावं लागलं.

“फाटकाबाहेर. रस्त्याकडेला झाड आहे, तिथं. मी म्हटलं होतं आत कॅन्टीनमध्ये बसा. मंजुळाच म्हणाली, सर, इथंच बरं.”

“आणि तू?”

“मला माझे जुने सर भेटले… त्यांच्याबरोबर कॅन्टीनमध्ये.”



त्या मठाची एक रीत होती. पहिल्यांदा आलेल्याला पाटावर बसवून आग्रहानं वाढायचं. पुन्हा आला, की चुलीपुढं बसवायचं. निरंजनची ही दुसरी खेप. बुवांनी परात त्याच्याकडं सरकवली आणि स्वतः लाकडं सारायला बसले.

“मला भाकरी येत नाही,” निरंजन म्हणाला.

“बरं.”

परात काही परत गेली नाही. निरंजननं बाह्या सावरल्या. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर कशीबशी पडली, पण उलथताना मोडली. चिमटा हवा होता, तो त्यानं फळीवर, पाटाखाली, सगळीकडं धुंडाळला आणि शेवटी राखेजवळ सापडला. पीठ संपत आलं तसं उठून त्यानंच डब्यातून काढून घेतलं. मंजुळाच्या नकाराचं दुःख तो पार विसरून गेला होता, आणि एक भाकरी चक्क फुगायला लागली होती.

“बुवा, जाळ कमी करा. करपतेय.”

बुवांनी निमूटपणे लाकूड मागं ओढलं. मग गालात हसले.

“मागच्या खेपेला तू इथं पाणीसुद्धा विचारून प्यायलास.”

निरंजनचा हात तव्यावरच राहिला…

भाकरी करपली. त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं ते फाटकाबाहेरचं झाड होतं, आणि आपण पाठ फिरवून आत गेलो ते. त्याला फार वाईट वाटलं.

करपलेली भाकरी उतरवून त्यानं विचारलं, “उद्या तिला पुन्हा घेऊन जातो. या वेळी काय दाखवू?”

“काही दाखवू नकोस,” बुवा म्हणाले. “तिला तिथं भूक लागेपर्यंत थांब. मग डबा तिच्याबरोबर आतच खा.”