वस्तीवर कुत्रं उरलं नाही

पहिल्यांदा खटकली ती आमच्या खंड्या कुत्र्याची भाकरी. सकाळी ती ताटलीत तशीच पडलेली, आणि खंड्या कुठेच नाही. मग तीन आठवड्यांत वस्तीवरची नऊच्या नऊ कुत्री नाहीशी झाली. माझी धाकटी बहीण मुक्ता वस्तीलगतच्या उसाच्या कडेने शाळेत जाते. बिबट्यासाठी पिंजरा लावा म्हणून मी वनपालसाहेबांना रोज फोन करत होते. त्यांनी तो एकदाही उचलला नाही.

शेवटी झाडं लावायच्या कार्यक्रमाला साहेब स्वतःच गावात आले. मी धीर करून त्यांना बांधावरचे ताजे ठसे दाखवले.

"अहो ताई, हे कुत्र्याचे!" साहेब हसले. "कॉलेजात शिकता आणि बिबट्याच्या अफवा पसरवता?"

सगळी माणसंही हसली. मी ठशांकडे बोट दाखवलं.

"कुत्र्याचे असतील, साहेब. मग तेवढं कुत्रं आम्हाला शोधून द्या. वस्तीवर एकही उरलेलं नाही."

हसणं थांबलं.

"पिंजऱ्यासाठी आधी फोन करायचा असतो," साहेब पुटपुटले.

मी तिथेच नंबर लावला. त्यांच्या खिशात रिंग वाजू लागली. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. साहेबांनी फोन काढून कानाला लावला.

"हं... बोला."