कातळवण्यात नारळ का फोडत नाहीत

कातळवण्याच्या कातळेश्वराला नारळ घेऊन जाणाऱ्या पाहुण्याची पहिल्या पायरीवरच पंचाईत होते. देवळात नारळ फोडायचा दगडच नाही. पूर्वी होता, आता त्यावर गुरवांच्या घरची धुणी होतात. पाहुण्याच्या हातातला सोललेला नारळ बघून गावकरी कीव आल्यासारखे हसतात, देवाच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांशी असलेले पाकळीएवढे काळसर डाग दाखवतात आणि मग सगळी हकीकत सांगतात.

फार पूर्वी गावात एकच माड होता म्हणे, आणि तोही देवाचा. बाकी सगळा उघडा कातळ. देवाला बाहेरचा नारळ चालत नसे, आणि या माडाचा प्रत्येक नारळ जत्रेत देवापुढे फुटलाच पाहिजे, असा दंडक होता. फुटलेल्या नारळाची एक कवड फोडणाऱ्याच्या घरची, दुसरी गुरवाची. या व्यवस्थेत सगळे सुखी होते. माड तेवढा म्हातारा होत चालला होता. ‘माड गेला तर?’ असे कोणी विचारलेच, तर ‘देव बघून घेईल’ हे उत्तर तयार असे. देवावर काम सोपवले की गावाला झोप चांगली लागते.

गावात आवडी नावाची एक विधवा बाई राहत होती. घरात ती आणि तिची लहान मुलगी शेवंती. एका पावसाळ्यात शेवंती तापाने फणफणली, तेव्हा आवडीने देवाला नारळ बोलला. पोर उठून बसली. जत्रेला माडावर मोजकेच नारळ उरले होते; त्यातला एक, नवसाचा म्हणून, सालासकट आवडीला मिळाला. ती सोलायला बसली आणि तिची नजर माडाकडे गेली. झावळ्या गळून लोंबत होत्या. शेंड्याला नव्या फुलोऱ्याचा पत्ता नव्हता. हा नारळ फुटला की माझा नवस फिटेल, पण पुढच्या आईने देवाला काय बोलावे? तिने कोयता खाली ठेवला.

देवळात ती रिकाम्या हाताने गेली. “देवा, नारळ तुझोच. ह्येचो माड होऊंदे, पयलो नारळ तुका. तवसर थांब.”

परसात न्हाणीचे पाणी जिरत असे, तिथे कातळाची भेग होती. पहारीने तिने ती रुंद केली, ओढ्याकाठची माती टोपलीने वाहून आणली, तळाला मीठ नि राख घातली आणि नारळ आडवा ठेवून अर्धा पुरला.

धाकू गुरवाची कवड बुडाली होती. तो बोलला ते अर्थात देवाच्या वतीने.

“गो आवडे, देवाक फसवतंस?”

“फसवीन कित्याक? नारळ काय मी गिळलंय?”

चैत्रात शेवंतीला पुन्हा ताप भरला. मग काय, सगळा गाव परसात जमला. देव कोपला, नारळ उकरा, आत्ताच्या आत्ता फोडा! धाकूने कोयता उपसला, माती बाजूला केली आणि थांबला. नारळाला पोपटाच्या चोचीएवढा हिरवा कोंब आला होता.

आवडी तापलेल्या पोरीला खांद्याशी धरून उभी होती. ती म्हणाली, “फोडा. पण आदी देवाक इचारा. कोंब इललो नारळ तेका चलता काय?”

दंडकात याचे उत्तर नव्हते. तेव्हा कौल लावायचे ठरले. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी पडली तर फोडायचा, डावी पडली तर नाही. धाकूने गाऱ्हाणे घातले. पाकळ्या हलल्या नाहीत. त्याने विनवले, मग दटावले. गाव जेवून परत आला तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आवडी शेवंतीला मांडीवर घेऊन गार फरशीवर बसून होती. दिवेलागणीला पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब जमले आणि ती म्हणाली, “आये, पेज.”

कौल मात्र आला नाही. आणि कौलाशिवाय फोडणार कसा? धाकूने कोयता कंबरेला अडकवला.

पुढच्याच पावसाळ्यात देवाचा माड उन्मळून पडला. पुढे कित्येक जत्रा नुसत्या फुलांवर झाल्या. आवडीच्या रोपाला मात्र पाण्याची ददात नव्हती. जो तो आपला हंडा घेऊन येई. सर्वांत आधी गुरवीण येई, म्हणे.

त्या माडाला नारळ धरले, तेव्हा आवडी बोलल्याप्रमाणे पहिला नारळ घेऊन देवळात आली. धाकू आता म्हातारा झाला होता. त्याने पाषाणाकडे पाहिले. वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्या दगडाला तशाच चिकटून होत्या.

“कौल अजून येवंक नाय, आवडे,” तो म्हणाला.

आवडीने नारळ देवाच्या पायाशी ठेवला, नमस्कार केला आणि उचलून त्याच्याच हातात दिला. “मगे तुझ्या परसात लाव.”

आयुष्यात पहिल्यांदाच धाकूच्या वाट्याला अख्खा नारळ आला, आणि तोही खाण्यासाठी नव्हता. पण त्याने तो लावला.

आजही कातळवण्यात नवसाचा नारळ सालासकट देवाच्या पायाशी ठेवतात आणि घरी नेऊन न्हाणीच्या पाण्यावर रुजवतात. त्या माडाचा पहिला नारळ देवाला दाखवून शेजाऱ्याच्या परसात जातो, तेव्हा नवस फिटतो. यात सात-आठ वर्षे सहज जातात. देवाने अजून कोणाकडे तगादा लावलेला नाही. उघड्या कातळाच्या गावात आता घराची कौले दिसत नाहीत, इतके माड आहेत. पाषाणावरचे ते दोन डाग मात्र गुरव पुसू देत नाहीत. कौल अजून यायचा आहे.