कुंडल श्रेष्ठींचे पान

शाळा लवकर सुटल्याने माझ्या शुद्धलेखनात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

फार पूर्वी वेत्रनगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. नगरात एक अन्नछत्र होते. पाच पंच बिनमोबदला त्याचा कारभार पाहत. मोठा होऊन तोही कुंभारच झाला. हा कुंभार तरुण आणि लाजाळू, तरी त्याचा मनमिळाऊपणा पाहून लोकांनी त्याला पंच केले व खांद्यावर पांढरा शेला घातला. त्याच्या कुळात असा मान कुणाला मिळाला नव्हता. पंचांना नियम एकच होता: पंच वाढतो, पंगतीत जेवत नाही. जेवला तर शेला परत करायचा. पंचच छत्र खातात असे कुणी म्हणू नये, म्हणून.

हे छत्र कुंडल श्रेष्ठींनी बांधले होते. पुढे त्यांची गलबते बुडाली, घर गेले. तरी रोज दुपारी ते दाराशी येत, "सगळे जेवले ना?" एवढे विचारत आणि परत जात. लोकांना वाटे, म्हातारा देखरेखीला येतो.

कुंभाराने मात्र एकदा पाहिले, विचारताना त्यांची नजर वरणाच्या डावावरून हलत नव्हती. गाल खोल गेले होते.

"आजोबा, दोन घास खाऊन जा."

"अरे, घरी पक्वान्ने वाट बघताहेत," श्रेष्ठी हसून म्हणाले. वळताना त्यांनी खांबाला धरले.

असेच चालले तर हा माणूस आपल्याच छत्राच्या दारात उपाशी मरेल, हे कुंभाराने ओळखले. त्याने पंगतीत दोन पाने शेजारी शेजारी मांडली आणि एका पानावर तो स्वतः जेवायला बसला.

थोरले पंच सुमंगल धावत आले. "कुंभारदादा, भूक आवरेना होय? नियम ठाऊक आहे ना?"

"आहे, काका." त्याने शेला घडी करून त्यांच्या हाती दिला. मग दाराकडे वळून म्हणाला, "आजोबा, एकट्याला घास उतरत नाही. सोबत बसा."

श्रेष्ठींनी खांब सोडला. मग येऊन बसले. पहिला घास गिळून म्हणाले, "मीठ कमी आहे."

"दुष्काळात आईने मला इथल्याच पेजेवर जगवले," कुंभार म्हणाला. "तेव्हाही कमीच होते."

म्हातारा हसला, आणि त्याने आणखी भात मागितला.

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "तेव्हाचे श्रेष्ठी म्हणजे विहाराच्या दारी संकोचून उभा असलेला हा वृद्ध भिक्षू. सुमंगल म्हणजे त्याला हात धरून आत आणणारा उपासक. कुंभार मीच होतो. ज्याचे अन्न खाल्ले, त्याच्या लाजेला सोबत करावी. हीच कृतज्ञता."

आणि कथेतल्या त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटण्याआधीच, कुंभार रिकाम्या खांद्याने छत्रात आला. घरून आणलेले मिठाचे नवे मडके त्याने चुलीशेजारी ठेवले आणि तो पाणी भरायला लागला.