सरडोबाची मान

माणसांनी मतं मागायला सुरुवात केली त्याच्याही आधी, एका मळ्यात मुखिया निवडायचा होता. सरडा उभा राहिला खरा, पण भरसभेत कोणीही काहीही विचारणार म्हटल्यावर तो घोरपडमावशीकडे सल्ला मागायला धावला.

घोरपडमावशी म्हणाली, "अरे, बोलायचंच कशाला? विचारणाऱ्याजवळ जायचं, डोळ्यांत बघायचं आणि मान डोलवायची. बोललेलं अंगाशी येतं, डोलवलेली मान येत नाही."

सभा भरली. शेळीने विचारलं, "कुंपण काढाल ना?" सरडा तिच्याजवळ गेला आणि त्याने मान डोलवली.

कोंबडी धास्तावली. "मग कोल्हा येईल हो. कुंपण ठेवाल ना?" सरड्याने तिच्याजवळ जाऊन तितक्याच मायेने मान डोलवली. तिचाही जीव भांड्यात पडला.

सरड्याला आता विचारलेलं ऐकूही येईना. त्याला नुसता गुलाल दिसत होता. तेवढ्यात मागून मुंगळा हळूच म्हणाला, "सरडोबा, तुम्ही आम्हा सगळ्यांना बनवताय ना?"

सरड्याने लगबगीने त्याच्याजवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि चांगली तीनदा मान डोलवली.

त्या दिवशी शेळीला आणि कोंबडीला पहिल्यांदा एकच उत्तर मिळालं.